बाळंतिणीसाठी न्यू जर्सीचे मेडिकेड: एका निवृत्त आरोग्यसेविकेचे परीक्षण

महाराष्ट्राच्या आरोग्य खात्यात उपकेंद्रावर आरोग्यसेविका म्हणून माझी उमेदीची सगळी वर्षे गेली आणि निवृत्तीनंतर मुलीच्या बाळंतपणासाठी मी न्यू जर्सीत आले. तिचा सातवा महिना संपता संपता आले, ती बाळ मान धरू लागेपर्यंत राहिले. या काळात तिचा सगळा दवाखाना मेडिकेड या सरकारी विम्यावर झाला, आणि त्या सेवेचे हे परीक्षण आहे. निष्कर्ष आधीच सांगून टाकते. पैशाच्या बाबतीत ही सेवा उत्तम आहे, प्रसूतिकक्षात ती फार चांगली आहे, आणि बाळंतीण घरी आल्यावर मात्र जी मागेल तिलाच ती मिळते. आईच्या जिवाला धोका ज्या आठवड्यांत मोठा असतो ते नेमके हेच आठवडे असल्यामुळे या शेवटच्या मुद्द्यावर मी जास्त लिहिणार आहे.

मेडिकेड ही योजना 1965 साली राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या कारकिर्दीत सुरू झाली. तिचा खर्च केंद्र सरकार आणि राज्ये मिळून उचलतात, कारभार राज्यांकडे असतो, आणि म्हणून एका राज्यात मिळणारी गोष्ट शेजारच्या राज्यात मिळेलच असे नाही. संपूर्ण अमेरिकेतील दर दहा बाळंतपणांपैकी सुमारे चार बाळंतपणे या विम्यावर होतात. हा आकडा मुद्दाम देते, कारण इथल्या आपल्या मंडळींत मेडिकेड म्हणजे अगदी निराधारांसाठीची व्यवस्था असा समज आहे, आणि त्या समजापायी गरज असलेल्या मुलीही अर्ज करायला संकोचतात. माझ्या जावयाची नोकरी गेली आणि नोकरीबरोबर विमाही गेला. जुना विमा स्वतःच्या खर्चाने चालू ठेवण्याची सोय कायद्यात आहे, पण त्याचा महिन्याचा हप्ता बेकारी भत्त्यावर जगणाऱ्या घराला पेलणारा नसतो. अशा वेळी चांगली शिकलेली, कालपर्यंत सुस्थितीत असलेली मुलगीसुद्धा मेडिकेडच्या दारात उभी राहते, आणि त्यात कमीपणा वाटण्यासारखे काहीही नाही.

पात्रतेचे नियम गरोदर स्त्रीसाठी बरेच उदार आहेत. न्यू जर्सीत केंद्राने ठरवलेल्या दारिद्र्यरेषेच्या 205 टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेली गरोदर स्त्री पात्र ठरते. घरातली माणसे मोजताना पोटातले बाळही मोजतात, त्यामुळे नवरा-बायको दोघेच असले तरी कुटुंब तिघांचे धरले जाते. 2025 च्या निकषांप्रमाणे अशा घराला महिन्याला साधारण साडेचार हजार डॉलरपर्यंत उत्पन्न चालते. अर्जाला ठरावीक हंगाम नाही, वर्षभरात केव्हाही करता येतो. दुसरी मोठी सवलत परदेशातून आलेल्या स्त्रियांसाठी आहे. एरवी ग्रीन कार्ड मिळाल्यावर मेडिकेडसाठी पाच वर्षे थांबावे लागते, पण 2009 च्या केंद्रीय कायद्याने गरोदर स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी ही अट काढून टाकण्याची मुभा राज्यांना दिली आणि न्यू जर्सीने ती घेतली. माझ्या मुलीच्या कार्डाला पाच वर्षे झालेली नव्हती, तरी तिचा अर्ज अडला नाही. व्हिसावर असलेल्या आणि पुढे ग्रीन कार्डाचा अर्ज करणार असलेल्या मुलींनी मात्र अर्जापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा, कारण सरकारी मदत घेतल्याचा पुढे काय परिणाम होतो याचे नियम सरकार बदलले की बदलतात.

अर्ज मंजूर होईपर्यंतची तपासणी रखडू नये म्हणून दवाखान्यातच तात्पुरती पात्रता देण्याची सोय आहे. आरोग्य केंद्रातील प्रशिक्षित कर्मचारी उत्पन्नाची तोंडी माहिती घेतात आणि त्याच दिवसापासून गरोदरपणातील तपासण्या विम्यावर सुरू होतात, कागदपत्रांची छाननी मागाहून होते. पहिल्या तिमाहीत नोंदणी व्हावी म्हणून आम्ही गावोगाव फिरून डोके फोडत असू, त्यामुळे या एका सोयीची किंमत मला चांगली कळते. कागद पुरा झाला नाही म्हणून बाई चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत घरी बसली, तर तिचा रक्तक्षय आणि रक्तदाब दोन्ही उशिरा सापडतात.

पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी एक लांबलचक जोखीम-तपासणी अर्ज भरून घेतला होता. मेडिकेडवरील प्रत्येक गरोदर स्त्रीसाठी तो भरण्याची सक्ती राज्याने 2019 मध्ये केली. आजार, आधीची बाळंतपणे, घरातले वातावरण, खाण्यापिण्याची ददात, मारहाण, मनाची अवस्था असे सगळे त्यात विचारतात, आणि उत्तरांवरून कोणती मदत जोडून द्यायची ते ठरते. आमच्या माता-बाल संरक्षण कार्डावर जोखमीच्या मातेला लाल खूण असे, तिचाच हा विस्तार म्हणता येईल. त्याच वर्षीच्या आणखी एका कायद्याने, वैद्यकीय कारण नसताना 39 आठवड्यांच्या आधी कळा आणवून किंवा सिझेरियन करून केलेल्या प्रसूतीचे पैसे मेडिकेडने देणे बंद केले. मुहूर्त पाहून सिझेरियन ठरवणारी घरे मी आपल्याकडे पाहिली आहेत, तेव्हा हा नियम वाचून मला मनापासून बरे वाटले.

आता उणे बाजू. न्यू जर्सीत मेडिकेडचा रोजचा कारभार राज्य सरकार स्वतः पाहत नाही, तो खासगी विमा कंपन्यांकडे सोपवलेला आहे आणि लाभार्थीने त्यातली एक कंपनी निवडायची असते. मुलीच्या वाट्याला आलेल्या कंपनीचे नाव मी इथे देत नाही, पण तिने दिलेली डॉक्टरांची यादी पाहण्यासारखी होती. नावे भरपूर होती, आणि फोन लावला की कोणी म्हणे आता आम्ही हा विमा घेत नाही, कोणी म्हणे नवीन रुग्ण घेत नाही, कोणी म्हणे डॉक्टर केव्हाच दुसरीकडे गेले. मेडिकेड डॉक्टरांना खासगी विम्यापेक्षा कमी मोबदला देते, आणि यादी फसवी असण्याचे मूळ तिथे आहे हे कोणीही सांगेल. पण यादी ताजी ठेवणे हे कंपनीचे काम आहे, पोट सांभाळत दिवसभर फोन फिरवणे हे गरोदर बाईचे काम नव्हे. वाहनाच्या सोयीतही असाच ढिसाळपणा होता. तपासणीसाठी ने-आण मोफत आहे आणि गाडी दोन दिवस आधी सांगून ठेवावी लागते. ती आली तर वेळेवर येईल याची खात्री नसे, म्हणून महत्त्वाच्या तपासण्यांना आम्ही शेजाऱ्यांच्या गाडीने जाऊ लागलो.

दुभाष्याची सोय मात्र अनपेक्षितपणे चांगली निघाली. मुलीला इंग्रजीची अडचण नाही, पण मला काही विचारायचे असे तेव्हा परिचारिका फोनवर दुभाषी जोडून देत. पहिल्यांदा समोरून हिंदी आले. मराठी हवे म्हटल्यावर थोडे थांबावे लागले, पण मराठी बोलणारी बाई मिळाली आणि तिने 'वार' आणि 'अंगावरून जाणे' हे शब्द न अडखळता पोचवले. लग्न होऊन नव्याने आलेल्या, इंग्रजीला बिचकणाऱ्या मुलींनी ही सोय हक्काने मागावी. नवऱ्याला दुभाषी करून काही प्रश्न विचारता येत नाहीत, हे कोणत्याही आरोग्यसेविकेला माहीत असते.

या सेवेतला मला सर्वांत आवडलेला भाग म्हणजे डूला. ही प्रशिक्षित सोबतीण असते. ती तपासणी करत नाही, औषध देत नाही, पण गरोदरपणात घरी येते, कळांच्या वेळी शेजारी उभी राहते आणि नंतरही विचारपूस करते. न्यू जर्सीने जानेवारी 2021 पासून तिचा खर्च मेडिकेडमध्ये धरला आहे. प्रसूतीच्या वेळच्या उपस्थितीशिवाय सर्वसाधारणपणे आठ भेटी मिळतात आणि एकोणीस वर्षांच्या आतल्या मातांना त्याहून जास्त. ओरेगन आणि मिनेसोटा ही राज्ये या बाबतीत आधी पुढे आली होती. आपल्याकडेही केंद्र सरकारने 2016 मध्ये सरकारी दवाखान्यांत जन्मसोबतीला परवानगी दिली आहे, पण ती सोबतीण घरातली असते आणि प्रसूतिकक्षाच्या दारात तिला आत घ्यायचे की नाही हे त्या दिवशीच्या गर्दीवर ठरते. इथल्या डूलाला पगार आहे, तिचे नाव नोंदलेले आहे, आणि त्यामुळे तिला बाहेर थांबवणे कोणाला सोपे जात नाही.

मुलीची डूला स्वतः तीन मुलांची आई होती आणि बोलायला कमी. रात्रभर कळा चालू होत्या तेव्हा तिने शेंगदाण्याच्या आकाराचा एक मोठा फुगा मुलीच्या गुडघ्यांमध्ये ठेवून तिला कुशीवर वळवले, अर्ध्या-पाऊण तासाने कूस बदलवली, आणि मध्येच परिचारिकेला नम्रपणे विचारले की बाळाचे ठोके सतत यंत्रावर घेण्याऐवजी मध्ये मध्ये घेतले तर मुलीला थोडे चालता येईल का. परिचारिकेने कागद पाहून होकार दिला. एवढ्याशा प्रश्नाने काय होते असे वाटेल. पण कळा देणाऱ्या बाईला तो प्रश्न सुचत नाही, आणि सुचला तरी विचारायचे बळ उरत नाही. मला स्वतःला विचारता आले असते, पण प्रसूतिकक्षात आई ही आईच असते, तिने आरोग्यसेविका होऊ नये असे माझे मत आहे.

प्रसूतिकक्षातील एका गोष्टीकडे मी डोळे विस्फारून पाहत राहिले. बाळ झाले, रक्तस्राव आटोक्यात ठेवणारे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन दिले गेले, वार पडली, आणि त्यानंतर परिचारिकेने रक्ताने भिजलेला प्रत्येक पॅड आणि कापड उचलून कोपऱ्यातल्या काट्यावर ठेवले. कोरड्या पॅडचे वजन संगणकात आधीच होते. ते वजा करून उरलेला प्रत्येक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर रक्त, अशी बेरीज पडद्यावर वाढत होती. खाटेखाली लावलेल्या पिशवीवरही मापाच्या रेषा होत्या. आम्ही रक्तस्राव नजरेने ठरवत असू आणि नजर नेहमी कमी सांगते. लादीवर सांडलेले रक्त पाहून अनुभवी डॉक्टरसुद्धा निम्म्याचाच अंदाज करतात. इथे बेरीज ठरावीक रेषेच्या पुढे गेली की कोणाला बोलवायचे, कोणते औषध काढायचे, रक्तपेढीला केव्हा कळवायचे हे आधी लिहून ठेवलेले असते आणि रक्तस्रावाच्या सामानाची गाडी दाराजवळ उभी असते. ही पद्धत रुळवण्यात कॅलिफोर्नियाचा वाटा मोठा आहे. तिथे 2006 साली स्थापन झालेल्या माता-आरोग्य गुणवत्ता गटाने रुग्णालयांना अशा तयार पद्धती आखून दिल्या आणि नंतर त्या धर्तीच्या पद्धती देशभर पसरल्या. यात महागडे असे काय आहे? काटा, लिहिलेला क्रम आणि तो पाळण्याची शिस्त. आपल्या उपजिल्हा रुग्णालयांत हे उद्या सुरू करता येईल.

माझ्या मुलीचा रक्तस्राव मर्यादेत राहिला. दोन रात्रींनंतर तिला घरी सोडले, आणि त्यानंतर प्रसूती, भूल, तपासण्या, बाळाचे डॉक्टर यांचे मिळून एक पैशाचेही बिल आले नाही. गरोदरपणाशी संबंधित सेवांवर मेडिकेडमध्ये रुग्णाने भरायचा हिस्साच नसतो. खासगी विमा असलेल्या तिच्या मैत्रिणी हजारो डॉलर खिशातून भरल्याचे सांगत होत्या, तेव्हा या मुद्द्यावर आणखी लिहिण्याची गरज नाही. दूध काढण्याचा पंप मिळाला, दातांची तपासणी विम्यात होती, आणि मेडिकेड असल्यामुळे माता-बालकांच्या सरकारी पोषण योजनेत उत्पन्नाचे वेगळे पुरावे द्यावे लागले नाहीत. त्या योजनेत दूध, अंडी, कडधान्ये मिळतात. मसूर मिळाली, डिंक आणि हळीव मी येताना आणलेच होते.

आता बाळंतीण घरी आल्यानंतरचे. 2023 मध्ये अमेरिकेत दर एक लाख जिवंत जन्मांमागे 18.6 मातांचा मृत्यू झाला. कोविडच्या 2021 या वर्षात तो आकडा 32.9 होता. आपल्या नमुना नोंदणी पाहणीत 2018-20 या काळासाठी महाराष्ट्राचा आकडा 33 होता. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या असल्यामुळे या दोन आकड्यांची थेट तुलना ताणू नये हे मला कळते, पण इतक्या श्रीमंत देशाचा 2021 चा आकडा आपल्या राज्याच्या जवळपास यावा याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही. इथल्या मातामृत्यूंची छाननी करणाऱ्या समित्यांनी 2017 ते 2019 या काळातील मृत्यू तपासले, तेव्हा पाचांतील चारांहून अधिक मृत्यू टाळता येण्यासारखे होते आणि निम्म्याहून अधिक मृत्यू प्रसूतीनंतरच्या पहिल्या आठवड्यापासून वर्षाच्या अखेरीपर्यंत झाले होते. म्हणजे रुग्णालयाचे दार मागे पडल्यावर.

मेडिकेडचे गरोदरपणातले संरक्षण पूर्वी प्रसूतीनंतर साठ दिवसांत संपत असे. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेली, मधुमेह निघालेली, मनाने खचलेली बाई दोन महिन्यांची बाळंतीण असतानाच विम्याबाहेर पडे. 2021 च्या केंद्रीय कायद्याने हा काळ बारा महिन्यांपर्यंत वाढवण्याचा सोपा मार्ग राज्यांना एप्रिल 2022 पासून दिला आणि पुढच्या कायद्याने तो कायमचा केला. न्यू जर्सीने त्यासाठी वाट न पाहता 2021 मध्येच वेगळी परवानगी मिळवली होती. आता जवळजवळ सर्व राज्यांनी हा बदल केला आहे. या एका निर्णयासाठी मी या सेवेला पूर्ण गुण द्यायला तयार आहे. पण विमा चालू असणे वेगळे आणि बाळंतिणीला कोणी पाहणे वेगळे.

शेवटच्या आठवड्यांत मुलीचा रक्तदाब 140/90 च्या वर गेल्याची नोंद दोनदा झाली होती. अशा मातेचा रक्तदाब प्रसूतीनंतर सात ते दहा दिवसांच्या आत आणि फार वाढलेला असेल तर 72 तासांच्या आत पाहावा, असे अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचेच मार्गदर्शन आहे. तरीही ज्या दवाखान्यात तिची तपासणी चालू होती तिथल्या स्वागतकक्षाने पुढची तारीख सरळ सहा आठवड्यांनंतरची दिली. लवकरची द्या म्हटल्यावर, काही त्रास झाला तर फोन करा असे उत्तर आले. घरी रक्तदाब मोजायचे यंत्र विमा कंपनीकडून मिळवण्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी, कंपनीची मंजुरी आणि साहित्य पुरवणाऱ्या दुकानाची तारीख असे तीन टप्पे निघाले, तेव्हा जावई औषधाच्या दुकानात जाऊन यंत्र विकत घेऊन आला. पहिला आठवडा संपायच्या आतच एका संध्याकाळी मुलीचे डोके ठणकू लागले. जागरणामुळे असेल असे ती म्हणत होती. यंत्राने 152/98 दाखवले, थोडे पडून राहिल्यावर पुन्हा मोजले तरी तेवढेच. रक्तदाब वाढून प्रसूतीनंतरही झटके येऊ शकतात, आणि बाळंतिणीचे डोके दुखणे हे जागरण समजून सोडून द्यायचे नसते, हे मी गावातल्या सासवांना वर्षानुवर्षे सांगत आले आहे. दवाखान्याच्या रात्रीच्या फोनवरील परिचारिकेने आकडा ऐकताच रुग्णालयात यायला सांगितले. तिथे रक्त आणि लघवी तपासली, गोळ्या सुरू केल्या आणि मध्यरात्रीनंतर घरी पाठवले. रुग्णालयाच्या वागण्यात नाव ठेवायला जागा नव्हती आणि याचेही बिल आले नाही. पण घरात यंत्र नसते, किंवा आकड्याचा अर्थ कळणारे कोणी नसते, तर ती सहा आठवड्यांची तारीख कोणाच्या कामाला आली असती?

असे का होते याचे एक कारण पैसे देण्याच्या पद्धतीत आहे. बहुतेक ठिकाणी गरोदरपणातल्या तपासण्या, प्रसूती आणि नंतरची भेट यांचा मिळून एकच ठोक मोबदला डॉक्टरांना दिला जातो. प्रसूतीनंतर एकदा बोलावले काय आणि चारदा बोलावले काय, मिळकत तेवढीच. बाळाला मात्र पहिल्या आठवड्यापासून वारंवार बोलावतात, कारण बालरोगतज्ज्ञांना प्रत्येक भेटीचे पैसे वेगळे मिळतात. आई बाळाला मांडीवर घेऊन त्या खोलीत बसलेली असते आणि तिचा रक्तदाब कोणी मोजत नाही.

या उणिवेवर राज्याने काढलेला उपाय चांगला आहे, फक्त तो आपणहून दारी येत नाही. 2021 च्या कायद्याने ठरल्याप्रमाणे, विमा कोणताही असो किंवा नसो, प्रत्येक नव्या आईकडे प्रशिक्षित परिचारिकेने एकदा तरी मोफत घरभेट द्यावी असा कार्यक्रम 2024 पासून काही काउंटींत, म्हणजे इथल्या जिल्ह्यांत, सुरू झाला आणि टप्प्याटप्प्याने पसरत गेला. आमच्या मिडलसेक्स काउंटीत तो होता, पण नाव नोंदवावे लागते, आणि रुग्णालयातल्या कागदांच्या जाड पाकिटात त्याचे पत्रक तळाशी होते. मुलीने नाव नोंदवले. आलेल्या परिचारिकेचे काम मी परीक्षकाच्या नजरेने पाहिले आणि मला ते पटले. तिने आधी आईला तपासले, मग बाळाला. रक्तदाब घेतला, पायांवरची सूज दाबून पाहिली, टाक्यांबद्दल विचारले, दूध पाजताना बाळाची पकड पाहिली आणि मग घरातल्या सगळ्यांना बाहेर जायला सांगून मुलीला नैराश्य ओळखण्याचे दहा ठरलेले प्रश्न विचारले. प्रत्येक बाळंतिणीची नैराश्यासाठी तपासणी झाली पाहिजे असा कायदा करणारे न्यू जर्सी हे 2006 मध्ये अमेरिकेतले पहिले राज्य ठरले. मातामृत्यूंच्या त्याच छाननीत मानसिक आजार हे पहिल्या क्रमांकाचे कारण निघाले होते, तेव्हा मला बाहेर बसवल्याचा राग मानण्याचे कारण नाही.

आपल्याकडे संस्थेत प्रसूती झाली की आशा ताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाते. तिने कोणाच्या फोनची वाट पाहायची नसते. नवजात बाळासाठीच्या या घरभेटींची बीजे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामात आहेत. आपली व्यवस्था आदर्श आहे असे मी म्हणणार नाही. आशेचा मोबदला तुटपुंजा आहे, तिच्या पिशवीतले यंत्र बंद पडलेले असते, भेटींचे रकाने घरी बसून भरलेलेही मी पकडले आहेत, आणि त्या भेटींतही बाळाकडे जितके लक्ष जाते तितके आईकडे जात नाही. 2011 च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने प्रसूती, रक्त, औषधे, जेवण आणि गाडी मोफत केली, तरी 'बाहेरून आणा' अशी चिठ्ठी लिहिली जातेच. पण दिवस ठरवून दारात जाण्याची पद्धत आपली सरस आहे, आणि काट्यावर रक्त मोजण्याची पद्धत त्यांची.

या परीक्षणात एक मर्यादा वाचकांनी लक्षात घ्यावी. माझी मुलगी शिकलेली, तिच्याजवळ आई आणि नवरा दोघेही, घर दवाखान्यापासून फार लांब नाही. याच विम्यावरच्या कृष्णवर्णीय स्त्रियांचा अनुभव वेगळा असतो हे आकडेच सांगतात: 2023 मध्ये देशभरात त्यांचा मातामृत्यूदर लाखामागे 50.3 होता आणि गोऱ्या स्त्रियांचा 14.5. विमा एकच असूनही दुखणे ऐकून घेतले जाते की नाही यात फरक पडतो, असे आमची डूला सांगत होती. ती स्वतः कृष्णवर्णीय होती आणि या कामात याच कारणासाठी आली होती. केंद्र सरकारने जानेवारी 2025 मध्ये पंधरा राज्यांना मेडिकेडवरील मातांची सेवा सुधारण्यासाठी दहा वर्षांच्या प्रयोगात घेतले आहे आणि डूला, सुईणींची केंद्रे आणि प्रसूतीनंतरचा पाठपुरावा यांवर त्यात भर आहे. न्यू जर्सी त्यात आहे. ठोक मोबदल्याची पद्धत त्यात किती बदलते, त्यावर माझे लक्ष राहील.

अर्ज करणाऱ्या मुलींसाठी थोडे व्यवहाराचे. दिवस राहिल्याचे कळताच अर्ज करावा आणि दवाखान्यात तात्पुरत्या पात्रतेबद्दल स्वतः विचारावे. कंपनी निवडण्याआधी हव्या त्या डॉक्टरांच्या कचेरीत फोन करून ते कोणती कंपनी घेतात हे विचारून मगच नाव द्यावे. यादीवर विसंबू नये. डूला सहाव्या महिन्याच्या आत शोधावी, कारण चांगल्या डूला लवकर भरतात. रक्तदाबाच्या यंत्राची चिठ्ठी आठव्या महिन्यातच लिहून घ्यावी, आणि रुग्णालयातून निघण्यापूर्वी दहा दिवसांच्या आतली तारीख व घरभेटीची नोंद या दोन्ही गोष्टी कागदावर घेतल्याशिवाय खाट सोडू नये.

बाळाचा जन्म मेडिकेडवर झाला की बाळाला आपोआप पहिल्या वाढदिवसापर्यंत विमा मिळतो, मात्र जन्माची नोंद विमा कार्यालयाला कळवावी लागते. आईचा विमा बारावा महिना संपताना थांबतो आणि पुढच्या पात्रतेची छाननी होते. त्याचे पत्र टपालाने येते आणि उत्तर मुदतीत गेले नाही तर पात्र असूनही नाव कमी होते, म्हणून घर बदलले की नवा पत्ता आधी तिथे कळवावा.